आजारपणाची हजेरी

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. तीन पाळ्या, दर आठवड्याला पाळी बदलते. दहावीला शाळा सुटली. कविता लिहितो, दोन-तीन तुम्ही याच पानांवर वाचल्या असतील. या वेळी कविता जमेना. जे सांगायचंय त्यात रुपये आहेत, टक्के आहेत, दिवस आहेत. म्हणून सरळ लिहितो.

दोस्तांनो, आपण राखीव जागांवर बोलतो, शिष्यवृत्तीवर बोलतो, अत्याचार झाला की बिंदू चौकात जमतो. ते केलंच पाहिजे. पण आपला माणूस आजारी पडला की आपण काय करतो? वर्गणी काढतो. पाकीट नेऊन देतो, 'काळजी घ्या' म्हणतो आणि घरी येतो. त्या पाकिटाबद्दल मला बोलायचंय.

आधी माझं सांगतो. २०२३ च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. नळाला गढूळ पाणी येत होतं, आमच्या वाड्यात आणखी चार-पाचजणांना झाली. डोळे हळदीगत पिवळे. आये उसाचा रस आणि फुटाणे घेऊन उशाशी बसलेली. तेवीस दिवस मी गिरणीचं तोंड बघितलं नाही.

माझी रोजी पाचशे. सव्वीस दिवस भरले की तेरा हजार. त्यातून ईएसआयचे, म्हणजे राज्य कामगार विम्याचे, ०.७५ टक्के कापतात. साधारण ९८ रुपये होतात. मालकाला स्वतःच्या खिशातून ३.२५ टक्के घालावे लागतात, ते ४२३. हा दर १ जुलै २०१९ पासूनचा. पाळीवरचे कित्येकजण या ९८ रुपयांवरून शिव्या घालतात. त्यांना सांगतो, हिशेब बघा. कामगार आजारी पडला की रोजीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अट अशी की ठरलेल्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. पहिले दोन दिवस धरत नाहीत. माझे एकवीस दिवस धरले. दिवसाला साडेतीनशे, एकवीस दिवसांचे सात हजार तीनशे पन्नास. माझ्या खात्यावर जमा झाले.

मी कुणाच्या पाया पडलो नाही. कुणाला दया आली नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागलं, बस्स. आणि आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही, हे १९४८ च्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं. चोविसाव्या दिवशी मी गेलो आणि माझ्या साच्यावर उभा राहिलो.

आता आमच्या सरांचं ऐका.

सर आमच्याच वाड्यातले. मराठीत एम.ए., सेट पास. दोन कॉलेजांत शिकवतात, पण नोकरी नाही, तास आहेत. सरकारी कागदावर 'तासिका तत्त्व', पोरांच्या तोंडी सीएचबी. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. ऑर्डर एका वर्षाची. परीक्षा लागल्या, सुट्टी लागली की तास बंद, तास बंद की पैसे बंद. झालेल्या तासांचे पैसेसुद्धा चार-चार, पाच-पाच महिन्यांनी येतात. तोवर किराणावाल्याच्या वहीत नाव.

संध्याकाळी हेच सर विहारात पोरांना शिकवतात, फुकट. मी सतरा वर्षांचा होतो, तेव्हा शब्दकोश कसा बघायचा ते त्यांनी मला दाखवलं. माझी पहिली कविता वाचून म्हणाले, "यमक सोड लेका. तुझ्या साच्याच्या आवाजात लिही." मी जे काही दोन अक्षरं लिहितो ती त्या विहारातल्या सतरंजीवर शिकलो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत 'बदली' कामगार असायचे. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर परत फिरायचं. अशी वर्षंच्या वर्षं काढलेली माणसं होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात बदलीवाल्यांना कायम करा ही सुद्धा मागणी होती. संप मोडला, पुढं गिरण्याही गेल्या. मला वाटतं, बदली मात्र गेला नाही. तो गिरणीच्या गेटावरून उठून कॉलेजच्या गेटावर जाऊन उभा राहिला. फरक एवढाच की आता त्याच्या हातात सेटचं सर्टिफिकेट आहे.

२०२४ च्या गणपतीपासून सर खोकत होते. आम्ही विचारलं की म्हणायचे, "खडूचा खोकला आहे रे." विहारात शिकवताना दर पाच मिनिटांनी पाणी प्यायचे. अंगातला शर्ट खांद्यावर लोंबायला लागला. दिवाळीनंतर थुंकीत रक्त दिसलं तेव्हा वैनींनी ओढूनच सरकारी दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होतो. टीबी निघाला.

डॉक्टर सांगत होता, औषध चुकवायचं नाही, काही आठवडे गर्दीत जायचं नाही, खायला चांगलं पाहिजे. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तास घेतले तर चालतील का?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, आधी का दाखवलं नाही?"

म्हणाले, "दाखवलं असतं तर तास गेले असते."

"आता तरी गेलेच की."

"व्हय, पण तीन महिने उशिरा गेले. तेवढे तास तर झाले."

हे ऐकून मी गप्प झालो. तुम्हीही जरा थांबून विचार करा. एका वर्गात साठ-सत्तर पोरं. खिडक्या अर्ध्या बंद. समोर खोकणारा शिक्षक, ज्याला माहीत आहे की आपल्याला काहीतरी झालंय, पण दवाखान्यात जायची त्याची हिंमत नाही, कारण दवाखान्याची वाट त्याच्या हिशेबात उपासमारीला जाऊन मिळते. टीबीचे जंतू हवेतून जातात. त्यांना कायम आणि हंगामी कळत नाही. शिक्षकाला आजारपणाचा पगार न देऊन व्यवस्था पैसे वाचवते असं वाटतं, पण तो खर्च ती त्या साठ पोरांच्या छातीवर टाकते. ती पोरंही बहुतेक आपलीच, शेतमजुरांची, यंत्रमागावरच्या कामगारांची.

दोन्ही कॉलेजांतले तास दुसऱ्याकडे गेले. ज्याच्याकडे गेले त्याला मी दोष देत नाही. तो नेट पास, तीन वर्षं घरी बसलेला. भुकेल्यानं भुकेल्याचं ताट ओढावं अशीच ही मांडणी आहे. सर निरोप द्यायला गेले तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांचा चहाचा कप कपाटावर वेगळा ठेवलेला दिसला. सरांनी तो मला हसत हसत सांगितला. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. वेगळा कप म्हणजे काय, हे आमच्या आज्यापणज्यांना विचारा.

आता हिशेब. टीबीचं औषध सरकार फुकट देतं, सहा महिन्यांचा साधा कोर्स पूर्ण फुकट. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला खाण्यासाठी महिना ५०० रुपये मिळायचे, एप्रिल २०१८ पासून. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. सरांना तेच मिळाले. मोठं ऑपरेशन लागलं असतं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना होती. हे सगळं चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण यातलं प्रत्येक कलम रोगावर खर्च करतं. घरभाडं, गॅस, पोरीची फी, म्हाताऱ्या आईच्या बीपीच्या गोळ्या, यांचं काय? औषध फुकट मिळालं म्हणून आजारपण फुकट होत नाही.

सरांच्या जागी माझ्यासारखा, दोन वर्षं सलग विमा भरलेला गिरणी कामगार असता तर? पहिले ९१ दिवस साडेतीनशेनं ३१,८५० रुपये. त्याच्या पुढं टीबीसारख्या ठरलेल्या ३४ लांबणाऱ्या आजारांना वाढीव भत्ता असतो, रोजीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. म्हणजे उरलेल्या ८९ दिवसांचे चारशेनं ३५,६००. सहा महिन्यांचे मिळून साधारण ६७ हजार. शिवाय निक्षयचे हजार त्यालाही मिळालेच असते. सरांना सहा महिन्यांत मिळाले सहा हजार. दहावी शिकलेल्याला ६७, एम.ए. सेट झालेल्याला ६. आपल्या पोरांना आपण 'शिका' म्हणतो ना? मग शिकून ती कुठं जाऊन पोचतात ते पण बघू या.

वैनींनी हुपरीहून चांदीच्या पैंजणांचं काम घरी आणलं. कड्या जोडायच्या, वजनावर मजुरी. रात्री अकरापर्यंत दिव्याखाली डोळे फोडायच्या. आम्ही विहारात वर्गणी काढली. कुणी पन्नास, कुणी शंभर, एका म्हातारीनं निराधार पेन्शनीतले दोनशे दिले. ११,३०० जमले. पाकीट घेऊन गेलो. सरांनी हातात घेतलं, मोजलं नाही. म्हणाले, "घेतो. नाकारायची ऐपत नाही. पण पोरांनो, उद्यापासून मी तुम्हाला रागावून बोलू शकणार नाही."

खरंच होतं ते. त्यानंतर कितीतरी दिवस सर आमच्याशी जपून बोलायचे. वाड्यातल्या एका दारुड्यानं त्यांना रस्त्यात गाठून सांगितलं, "सर, माझे पन्नास आहेत बरं का त्यात." वर्गणीचं हे असं असतं. देणारा विसरत नाही आणि घेणाऱ्याला विसरता येत नाही. माझे सात हजार तीनशे पन्नास मला असं कुणीच ऐकवले नाहीत. मालकानंही नाही, कारण ते त्याचे नव्हतेच. कायद्यानं ते माझे होते.

मग आम्ही पोरांनी ठरवलं, कायमचा फंड काढू. दर घरानं महिना पन्नास. वाड्यात ६२ घरं. महिन्याला ३,१००, वर्षाला ३७,२००. मी वहीवर मांडलं आणि थांबलो. माझ्यासारख्या एकाच कामगाराच्या टीबीला कायदा सहा महिन्यांत ६७ हजार देतो. म्हणजे सगळा वाडा वर्षभर पोट मारून पैसे टाकेल आणि एकाच माणसाचं एकच आजारपण ते गिळून टाकेल. दुसऱ्याची कावीळ, तिसरीचं बाळंतपण, चौथ्याचा मोडलेला पाय वाऱ्यावर. गरिबांनी गरिबांना सांभाळायचं तर हे असंच होणार. विमा म्हणजे तेच पन्नास रुपये, पण ६२ घरांऐवजी लाखो कामगारांचे. आणि मुख्य म्हणजे त्यात मालकाचा वाटा, कामगाराच्या चौपटीहून जास्त. मालकाचा वाटा नसेल तर तो भिशीचा थोरला भाऊ, दुसरं काही नाही.

ही कल्पना काही आपल्याकडं आभाळातून पडली नाही. जर्मनीत १८८३ सालीच कामगारांचा आजारपणाचा विमा कायद्यानं झाला. आपल्याकडं तो कुणाच्या काळात घडला ते मात्र आपण पाठ केलं पाहिजे. जयंतीच्या भाषणात हे फारसं येत नाही.

बाबासाहेब स्वतः हंगामी शिक्षक होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये, जागा हंगामी. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यायला तिथल्या काही प्राध्यापकांनी हरकत घेतली होती. आमच्या सरांचा कप कपाटावर गेला तेव्हा मला ते भांडं आठवलं. मार्च १९२० मध्ये ती नोकरी संपली. त्याच महिन्यात, २१ आणि २२ तारखेला, आमच्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद झाली. शाहू महाराजांनी तिथं बाबासाहेबांना आपला पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं. पुढं ते लंडनला राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले, त्यालाही महाराजांनी हात दिला. परत आल्यावर १९२५ ते १९२८ बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत ते अर्धवेळ शिकवत होते. तासावर शिकवून घर चालवणं काय असतं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

महाराजांचा हात मोठा होता, आपण तो विसरणार नाही. पण प्रत्येक हंगामी शिक्षकाला शाहू महाराज कुठून भेटणार? राजाची मदत एका माणसापुरती असते. बाबासाहेबांनी मदतीचा कायदा केला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं, तेव्हा ते त्याच्या बाजूनं बोलले. १९२९ ला तो कायदा झाला. काम बंद असताना बाईला पैसे मिळाले पाहिजेत, हे तिथं मान्य झालं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्राध्यापक अदारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला नेमलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यांच्या डोळ्यापुढं पहिल्यांदा कापडगिरणी, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातूचे कामगार होते. १९४८ ला कायदा मंजूर झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि मजूरमंत्री होते जगजीवनराम. २४ फेब्रुवारी १९५२ ला योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. माझ्या पगारपत्रकावरचे ९८ रुपये त्या वाटेनं आलेत.

शिक्षक मात्र त्या वाटेवर दिसत नाही. त्या काळी शिक्षक म्हणजे कायम नोकरी, रजा, पेन्शन, अशी समजूत. हलाखीत पडलेल्या शिक्षकांसाठी १९६२ साली राष्ट्रीय शिक्षक कल्याण निधी निघाला, पण त्याची जात मदतीचीच. पुढं कायम जागा रिकाम्या ठेवून तासावर माणसं घ्यायची पद्धत पडली. शाळांत २००० सालापासून शिक्षणसेवक आले, तीन हजारावर राबणारे. जानेवारी २०२३ पासून त्यांचं मानधन १६, १८, २० हजार झालं. 'मानधन' हा शब्द बघा. पगार म्हटला की रजा आली, फंड आला, विमा आला. मानधन म्हटलं की नुसता मान आणि थोडं धन. आणि पदच भरलं नाही तर राखीव जागा कशावर लागणार?

म्हणून आता काय करायचं ते बोलू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९४८ चा कायदा तिच्यात गेला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला विमा लागू, असं तिच्यात आहे. आपला प्रश्न सरळ आहे: कॉलेज ही आस्थापना नाही का? तास घेणारा कामाला नाही का? पगाराची मर्यादा २०१७ ला २१ हजार केली, तासावरच्या कितीतरी शिक्षकांच्या हातात त्याहून कमीच पडतात. हा प्रश्न लेखी विचारायचा, प्रत्येक कॉलेजाला, विमा कार्यालयाला, उच्च शिक्षण खात्याला. माहितीच्या अधिकारात विचारायचा आणि उत्तराची पोच जपून ठेवायची. 'लागू नाही' असं उत्तर आलं तर ते कागदावर येऊ द्या. मग लागू करा म्हणून भांडायला आपल्याला मुद्दा मिळेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. समान कामाला किमान वेतनश्रेणी द्या म्हणाले, आणि शिक्षकाला नीट वागवत नसाल तर 'गुरुर्ब्रह्मा' म्हणण्यात अर्थ नाही, अशा अर्थाचं सुनावलं. तो निकाल आजारपणाचा नाही, पण त्याच्या आधारानं पुढचं पाऊल टाकता येतं.

दुसरं, गिरणीतले आणि कॉलेजातले आपण एकत्र बसलं पाहिजे. सर मंडळींना कामगार म्हणवून घ्यायला संकोच वाटतो. मी त्यांना आदरानं सांगतो, कामगार म्हणवून घेतल्यानं मला काविळीत तेवीस दिवस झोपायला मिळालं. आणि इचलकरंजीच्या छोट्या मागशेडमध्ये बारा-बारा तास उभे राहणारे, ज्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, त्यांनाही आपल्याबरोबर घ्यायचं. त्यांच्याकडं ना मान ना धन.

तिसरं, तोवर वाड्याचा फंड चालू ठेवायचा. पुरणार नाही हे माहीत असून चालू ठेवायचा. पण वर्गणी म्हणून नाही. वही ठेवायची, नियम लिहायचे, जो भरतो त्याला आजारपणात ठरलेली रक्कम, न मागता, दुसऱ्या आठवड्याला. कुणाचे किती, हे कुणी रस्त्यात बोलायचं नाही.

मे २०२५ ला सरांची औषधं संपली, थुंकी स्वच्छ आली. जूनमध्ये एका कॉलेजची ऑर्डर मिळाली, दुसरीची नाही. आता विहारात शिकवताना पुन्हा रागावतात, त्याचं आम्हाला बरं वाटतं. परवा मी हा लेख त्यांना वाचून दाखवला. म्हणाले, "माझं नाव घालू नकोस, ऑर्डर जायची." मी नाव घातलं नाही. ज्या दिवशी ते घालता येईल त्या दिवशी समजा आपण थोडं जिंकलो.

तुमच्या गावात तासावर शिकवणारं कोण आहे ते शोधा. त्याची ऑर्डर वाचा. त्यात आजारपण हा शब्द आहे का बघा, आणि आम्हाला कळवा.

जय भीम.